कागदाप्रमाणे

एकशे अकरा, सेत्सुसान म्हणाल्या.
मी म्हटलं, एकशे बारा.
बाहेरून मोजल्यात, दोनदा:
बर्फ वितळून अंगणाचा चिखल झाला तेव्हा एकदा,
आणि काल.

त्यांनी किल्ल्यांचा जुडगा पायरीवर ठेवला.
‘बाहेरून मोजतात होय खिडक्या?’

वखार लांबच लांब. तीस खणांची.
हाडं सगळी लाकडाची,
विटा नुसत्या मधे भरलेल्या,
एक लांब, एक तोकडी, एक लांब, एक तोकडी,
वजन काही पेलत नाहीत,
लग्नातल्या दूरच्या नातेवाइकांसारख्या
ओळीने उभ्या.

त्या भाजल्या कौलं भाजणाऱ्या तोराकिचीने.
वीट त्याने जन्मात पाहिली नव्हती.
फिरंगी इंजिनियरने हवेत हात धरून दाखवलं: एवढी.
म्हणून काही एवढ्या आहेत
आणि काही तेवढ्या.
माझ्या मोजपट्टीला त्यांनी आठवडाभर दमवलं.

वरच्या मजल्यावर एकही आडभिंत नाही.
इथे कोश असायचे, पोत्यांच्या थप्प्या
पार तुळईपर्यंत.
रेशीम उन्हाळ्याच्या तोंडाशी येतं, थोडं शरदात,
गिरणीला मात्र बारा महिने सूत हवं.
मधला सगळा काळ
या मजल्याने सांभाळायचा, कोरडा.

त्यासाठी हिकोजिरो होता,
सेत्सुसानच्या नवऱ्याचा आजा.
पहाटे खिडक्या उघडायच्या, धुकं चढलं की लावायच्या,
पुन्हा उघडायच्या.
कोश कानाशी धरून हलवायचा:
सुकलेला खुळखुळतो,
ओला मुका.
पगाराच्या वहीत नावापुढे हुद्दा लिहिलाय
एकाच अक्षरात: वारा.

(हे मला त्यांनी तिसऱ्या दिवशी दाखवलं.
पहिले दोन दिवस नुसता चहा.)

मग नायलॉन आलं, मग आणखी काय काय,
आणि एका फेब्रुवारीत शेवटचं पोतं जिन्यावरून उतरलं.
मुलींची वसतिगृहं पाडली,
धुराडं पाडलं,
वखार राहिली, कारण पाडायचा खर्च
कुणी मंजूर केला नाही.

‘आणि खिडक्या?’
‘उघडत होते की.’
‘आत काय होतं?’
‘काही नाही.’
‘मग?’
‘थांब असं कुणी म्हटलं नाही.’

सव्वीस वर्षं.
पगार त्यातली दोनच.
म्हणूनच बहुधा लाकडाला वाळवी नाही,
जोशूचा कोरडा वारा रोज आरपार गेला,
मला अहवालात याला नाव सापडेना.
मी ‘नियमित देखभाल’ लिहिलं.

एकशे बारावी शोधायला आम्ही उत्तर टोकाला गेलो.
बाहेरून ती अगदी तिच्या बहिणींसारखी,
तीच झडप, तेच लोखंडी बिजागर.
आतून मात्र
तिच्या बरोब्बर पोटाशी खांब.

नकाशा मीटरमध्ये होता.
सुतारांचा गज शाकूंचा.
खणामागे फक्त बोटभर फरक,
बोटभर म्हणजे काय, रंध्याचे दोन हात,
पण तीस खण चालत चालत
ते बोट इथवर आलं
आणि खिडकीच्या तोंडावर उभं राहिलं.
विटा रचणारे कागद पाहत होते,
सुतार लाकूड.

खांबावर शाईने काही खरडलेलं.
सेत्सुसानना ते जुनं वळण वाचता येत नाही;
रोज पाहायच्या, त्यांना वाटायचं मंत्र असेल,
आगीपासून राखणारा.
मी टॉर्च तिरपा धरला.

लिहिलं होतं: कागदाप्रमाणे.

त्या इतक्या हसल्या
की खांबालाच धरावं लागलं.

संध्याकाळी नदीकडून धुकं चढू लागलं.
डावी बाजू मी घेतली, उजवी त्यांनी.
झडपा जड आहेत, शेवटी थोडं उचलून लावाव्या लागतात,
हे कुठल्याच नकाशात नाही.
त्या मोठ्याने मोजत होत्या, माझ्याही,
एकशे नऊ, एकशे दहा,
एकशे अकरा. झालं.

हात धुऊन मी आराखडा पुरा केला.
खिडक्या: एकशे बारा.
कागदाप्रमाणे.